मुंबईच्या गच्चीवर टोमॅटोचे पाच वाण: फरक वाणाचा की जागेचा?

मुलुंडची_गच्ची

नमस्कार. मुलुंड पश्चिमेला आमच्या इमारतीच्या गच्चीवर सोसायटीच्या परवानगीने मी काही वर्षे भाजीपाला लावत आले आहे. आतापर्यंत रोपवाटिकेतून मिळेल ते टोमॅटोचे रोप आणण्याची पद्धत होती. यंदा मात्र ठरवून पाच वाणांची रोपे घरीच तयार केली आणि दसऱ्याच्या सुमारास एकाच दिवशी त्यांची पुनर्लागवड केली. पुसा रुबी, अर्का रक्षक, रोमा, लाल चेरी (पाकिटावर वाणाचे नाव नव्हते) आणि हौसेखातर ब्रँडीवाइन असे ते पाच वाण होत. प्रत्येक रोपाला साधारण वीस लिटरचा डबा दिला होता, आणि माती, कोकोपीट व गांडूळखत यांचे मिश्रण सर्वांसाठी एकाच वेळी कालवले होते.

पुसा रुबीची फळे मोठ्या फळांच्या वाणांत सर्वांत आधी पिकली. ती चपटी, देठाजवळ खोबणी असलेली आणि चांगलीच आंबट होती, पण त्यांतील बरीच देठाकडून तडकली. अर्का रक्षकची फळे थोडी उशिरा आली, मात्र जानेवारी आणि फेब्रुवारीत झाड अक्षरशः लगडले होते. फळे एकसारखी व घट्ट होती, आणि शेजारच्या कुंड्यांतील पाने आकसत असताना याची पाने शेवटपर्यंत स्वच्छ राहिली. त्यानंतर मात्र झाड एकाएकी थकल्यासारखे झाले. रोमाने निराश केले, कारण पहिल्या बहरातील जवळपास निम्म्या फळांचे बूड काळे पडून आत गेले. चेरीचा वेल कठड्यावरून पलीकडे गेला आणि एप्रिलपर्यंत मूठ-मूठ फळे देत राहिला. शेवटची फळे मात्र लाल न होता नारिंगीच राहिली. ब्रँडीवाइनचे झाड माझ्या डोक्याच्या वर गेले, भरपूर फुलले, आणि जवळजवळ सगळी फुले देठापासून गळाली. जानेवारीच्या उत्तरार्धात जी मोजकी फळे धरली, त्यांची चव इतकी उत्तम होती की त्या वाणाचा नाद सोडवत नाही.

माझी अडचण अशी आहे की, सर्व डब्यांना सारखी जागा देता आली नाही. चेरी आणि पुसा रुबी दक्षिणेकडील कठड्याला होत्या व त्यांना दिवसभर ऊन होते. ब्रँडीवाइन आणि रोमा पाण्याच्या टाकीच्या बाजूला होत्या, तिथे दुपारी तीननंतर सावली येते. त्यामुळे जो फरक दिसला तो किती वाणाचा आणि किती जागेचा, हे मला ठामपणे सांगता येत नाही. मुंबईत ज्यांनी हे वाण लावले आहेत, त्यांनी आपापली निरीक्षणे कृपया सविस्तर लिहावीत. पुढील हंगामासाठी अर्का रक्षकचे बी धरून ठेवावे का, हेही जाणून घ्यायचे आहे.

कृषिवाचक

ताई, आपण जागेचा मुद्दा स्वतःहून मांडलात, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझ्या मते आपल्या यादीत सावलीचा परिणाम रोमावर थोडाफार झाला असेल. ब्रँडीवाइनच्या फूलगळीचे मूळ मात्र वेगळे आहे, आणि ते मुंबईच्या रात्रींमध्ये आहे.

टोमॅटोची फळधारणा दिवसाच्या उन्हापेक्षा रात्रीच्या गारव्यावर अधिक अवलंबून असते. रात्रीचे तापमान साधारण 15 ते 20 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असेल तर बहुतेक वाणांत फळ चांगले धरते. ते 21-22 अंशांच्या वर राहू लागले की परागकण नीट तयार होत नाहीत, आणि फूल दिसायला सुदृढ असले तरी ते वांझ निघते व गळून पडते. परागकण घडण्याचा सर्वांत नाजूक काळ फूल उमलण्याच्या आठ-दहा दिवस आधीचा असतो. म्हणून आज हवा गार झाली तरी तिचा लाभ आज उमललेल्या फुलाला मिळत नाही. नोव्हेंबरच्या शेवटी थंडी पडल्यासारखी वाटते आणि तरीही फुले गळत राहतात, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

आता मुंबईचे गणित पाहावे. ऑक्टोबरच्या उकाड्यात रात्री 23-24 अंशांच्या खाली फारशा उतरत नाहीत, आणि मार्चच्या अखेरीपासून त्या पुन्हा तिथेच पोहोचतात. खऱ्या अर्थाने अनुकूल असा काळ डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी एवढाच उरतो. पुण्या-नाशिकच्या माणसाला जो हंगाम सहज मिळतो, त्याचा जेमतेम अर्धा भाग आपल्या वाट्याला येतो. त्यातही शहरभर एकच हवामान नाही. सांताक्रूझचे जानेवारीतील किमान तापमान कुलाब्यापेक्षा सरासरीने दोन-तीन अंशांनी कमी असते, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराला लागून असलेल्या मुलुंड, बोरिवलीसारख्या भागांत रात्री आणखी गार असतात. आपल्याला ब्रँडीवाइनची मोजकी का होईना फळे मिळाली, ती मुलुंडला राहता म्हणून मिळाली, असे मी म्हणेन. कुलाब्यात समुद्रासमोर तेच झाड कदाचित नुसते शोभेचे ठरले असते.

ब्रँडीवाइनसारख्या मोठ्या फळांच्या जुन्या अमेरिकी वाणांना उष्ण रात्री मुळीच मानवत नाहीत. शिवाय फळ मोठे असल्यामुळे फूल धरल्यापासून ते पिकेपर्यंत सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस धरलेले फळ मार्चच्या कडक उन्हात पिकते. चेरीच्या बाबतीत नेमके उलट घडते. तिच्या घोसात फुले खूप असतात, त्यांतली निम्मी गळाली तरी उरलेली पुरेशी ठरतात, फळ लहान असल्याने लवकर पिकते, आणि चेरी प्रकारातील अनेक वाण उष्णतेतही बऱ्यापैकी फळ धरतात. त्यामुळे आपली चेरी एप्रिलपर्यंत चालली याचे थोडे श्रेय दक्षिणेच्या उन्हाला दिले, तरी मोठा वाटा वाणाचाच आहे.

शेवटची फळे नारिंगी राहिली, तो रोग नव्हे. टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन साधारण 30 अंशांच्या वर नीट तयार होत नाही. पिवळे-नारिंगी कॅरोटीन मात्र तयार होत राहते. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या फळाचे तापमान हवेपेक्षाही अधिक असते. अशी फळे रंग बदलू लागताच तोडून घरात सावलीत ठेवावीत, म्हणजे ती पुष्कळ अंशी लाल होतात.

अर्का रक्षकचे बी धरू नये. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेला हा पहिल्या पिढीचा संकरित वाण आहे. त्याच्या फळांतील बियांपासून आलेली रोपे एकसारखी निघत नाहीत, आणि ज्या रोगप्रतिकारक गुणांसाठी तो लावायचा ते काही रोपांत उतरतात, काहींत नाहीत. पुसा रुबी हा सरळ, म्हणजे संकरित नसलेला, वाण असल्याने त्याचे बी अवश्य धरावे. टोमॅटोत बहुतांश स्वपरागीभवन होत असल्यामुळे शेजारी दुसरे वाण असले तरी भेसळीचा धोका कमी असतो. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर बियांसह दोन दिवस आंबवून, धुऊन, सावलीत वाळवला की काम झाले.

शिवाजी_पार्क_बाल्कनी

माझ्याकडे गच्ची नाही. तिसऱ्या मजल्यावरची दक्षिणमुखी बाल्कनी आहे. त्यामुळे माझा अनुभव ज्यांना ऊन मोजून मिळते त्यांच्या उपयोगाचा आहे.

बाल्कनीत टोमॅटो लावणाऱ्याने वाणाच्या आधी दिशा पाहावी. डिसेंबरमध्ये मुंबईत दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण 48 अंशांवर, दक्षिणेकडे असतो. त्यामुळे वरच्या मजल्याचा स्लॅब असूनही दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत येते. एप्रिलमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि तोच स्लॅब छत्रीसारखा आड येतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर मध्यान्हीचा सूर्य मुंबईच्या उत्तरेला असतो, आणि दक्षिणेच्या बाल्कनीला दुपारचे ऊन मिळतच नाही. सुदैवाने टोमॅटोचा हंगाम आणि दक्षिणेचे ऊन यांचा मेळ बसतो. उत्तरेच्या बाल्कनीत मात्र हिवाळाभर थेट ऊन येत नाही. तिथे कोणताही वाण लावला तरी उंच, फिकट वेल तेवढा मिळेल.

मी अर्का विकास, पुसा रुबी आणि एक पिवळी चेरी असे तीन प्रकार आलटून पालटून लावले आहेत. अर्का विकास उष्णता आणि पाण्याचा ताण सहन करतो अशी त्याची ख्याती आहे, आणि माझ्याकडे पुसा रुबीच्या तुलनेत त्याची फूलगळ कमी झाली, हे मी नक्की सांगू शकते. फळेही अधिक वजनदार आणि कमी तडकणारी होती. चव मात्र पुसा रुबीचीच अधिक ठसठशीत. पिवळी चेरी सर्वांत भरवशाची ठरली, परंतु घरातील ज्येष्ठ मंडळींनी तिला टोमॅटो म्हणून अखेरपर्यंत मान्यता दिली नाही आणि ती मुलांच्या डब्यातच संपली.

कृषिवाचक यांनी सांगितलेल्या तापमानाच्या मुद्द्याला मी एक जोड देऊ इच्छिते. टोमॅटोच्या फुलातील पराग पुंकेसरांच्या नळीत बंद असतो आणि तो बाहेर पडण्यासाठी फूल हलावे लागते. बागेत हे काम वारा करतो, किंवा फुलाला धरून गुंजारव करणारे भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या एकट्या राहणाऱ्या माश्या करतात. साध्या मधमाश्यांना ही कंपनाची कला अवगत नाही. काचेने किंवा जाळीने बंद केलेल्या बाल्कनीत वाराही नसतो आणि भुंगेही नसतात. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, हवा थोडी कोरडी झाल्यावर, घोसाच्या देठावर बोटाने हलके टिचकी मारणे किंवा विजेवर चालणारा दात घासण्याचा ब्रश देठाला क्षणभर टेकवणे एवढे पुरते. पहाटे दमट हवेत हे करून उपयोग होत नाही, कारण पराग चिकटून राहतो. बाल्कनीतील दोन वाणांची तुलना करताना एकाची फुले हलवली आणि दुसऱ्याची नाही, असे झाले तर निष्कर्ष सरळसरळ चुकीचा निघेल.

गोराईची_वाडी

वरील सर्व चर्चा कुंडीतील टोमॅटोची आहे. आमच्याकडे वाडीत, जमिनीत लागवड असते, आणि तिथे वाणाची निवड चवीवरून किंवा फळधारणेवरून करण्याची चैन परवडत नाही. पहिला प्रश्न झाड जिवंत राहील का, हा असतो.

कोकणच्या उष्ण, दमट आणि बहुधा आम्लधर्मी जमिनीत जिवाणूजन्य मर हा टोमॅटोचा मोठा शत्रू आहे. सकाळी हिरवेगार असलेले झाड दुपारी मान टाकते, संध्याकाळी सावरल्यासारखे वाटते, आणि दोन-चार दिवसांत पाने पिवळी न पडताच संपूर्ण सुकते. पाणी कमी पडले असे समजून माणूस आणखी पाणी घालतो, त्याने रोग शेजारच्या झाडाकडे सरकतो. ओळखण्याची सोपी रीत अशी की, सुकलेल्या झाडाच्या बुंध्याचा तुकडा कापून पारदर्शक पेल्यातील स्वच्छ पाण्यात टांगावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी धार खाली उतरताना दिसली, तर तो जिवाणूच आहे. त्यावर औषध नाही. झाड मुळासकट उपटून वाडीबाहेर न्यावे, आणि त्या जागी काही वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांतील काहीही लावू नये.

आमच्या जमिनीत पुसा रुबी आणि बाजारातील बिननावाची रोपे या रोगापुढे टिकली नाहीत. अर्का आभा आणि अर्का आलोक हे मर रोगाला प्रतिकार करणारे सरळ वाण आहेत, आणि अर्का रक्षकमध्ये मर, पर्णगुच्छ व लवकर येणारा करपा या तिन्हींचा प्रतिकार एकत्र आणलेला आहे. ताईंच्या गच्चीवर शेजारची पाने आकसली आणि रक्षकची स्वच्छ राहिली, ते पर्णगुच्छाचे लक्षण असावे. तो विषाणू पांढरी माशी पसरवते, आणि मुंबईत पाऊस ओसरल्यावर तिची संख्या वाढते. हा फरक मी निःशंकपणे वाणाच्या खात्यावर टाकेन, कारण माशी टाकीच्या सावलीतही जाते आणि कठड्याच्या उन्हातही. रोपे लहान असताना बारीक जाळीखाली वाढवली तर साध्या वाणांनाही पुष्कळ संरक्षण मिळते, कारण कोवळ्या वयात झालेली लागण सर्वांत घातक असते.

तीन रोगांचा प्रतिकार म्हणजे सर्व रोगांपासून अभय असे मात्र समजू नये. फळ पोखरणारी अळी, लाल कोळी, पाने व फळे कुरतडणारी टूटा ही नागअळी (भारतात तिची पहिली नोंद 2014 मध्ये आपल्या महाराष्ट्रातच झाली) या कोणालाही वाणाचे नाव वाचता येत नाही.

ज्यांना आपल्या आवडीचाच वाण जमिनीत हवा आहे, त्यांनी वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचे कलम बांधावे. मर रोगाला दाद न देणाऱ्या वांग्याचा खुंट निवडला तर मुळे तग धरतात, आणि पाणी साचणाऱ्या जागीही वांग्याची मुळे टोमॅटोपेक्षा अधिक सोसतात. खटपट आहे, पण करण्याजोगी आहे. कुंडीत नवीन माती भरणाऱ्यांना याची गरज नाही. वाडीतून किंवा रस्त्याकडेच्या वाफ्यातून फुकट माती आणण्याचा मोह मात्र त्यांनी टाळावा.

चेंबूरकर

अर्का रक्षकची एवढी स्तुती वाचून थोडा विरोधी सूर लावतो. भाजी मंडईत जो घट्ट, जाड सालीचा, फेकला तरी न फुटणारा टोमॅटो मिळतो, तसाच घरी पिकवायचा असेल तर गच्चीवर डबे चढवण्याचा खटाटोप कशासाठी करायचा? संकरित वाणाचा घट्टपणा ट्रकमधून वाशीला येणाऱ्या मालासाठी आवश्यक आहे. आपल्या कुंडीपासून स्वयंपाकघरापर्यंतचे अंतर दहा पावलांचे असते, तिथे पातळ सालीचा, रसाळ आणि नाजूक वाण परवडतो. घरच्या बागेचा खरा फायदा तोच आहे असे मला वाटते.

आपल्या स्वयंपाकात कच्च्या कोशिंबिरीपेक्षा सार, आमटी, रस्सा यांना टोमॅटो अधिक लागतो, आणि तिथे आंबटपणा हा दोष नसून गुण आहे. पुसा रुबीचे सार करून पाहावे. त्यात चिंच किंवा आमसूल घालण्याची गरज भासत नाही. मंडईतल्या घट्ट टोमॅटोच्या साराला रंग येतो, पण चवीसाठी कशाचा तरी आधार घ्यावा लागतो. गर आटवून ठेवायचा असेल तर रोमा किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा भाग्यश्री हे वाण सोयीचे आहेत. भाग्यश्रीत बिया कमी आणि लायकोपीन अधिक असल्याने गराला रंग चांगला येतो. हा सरळ वाण आहे, त्यामुळे बीही धरता येते.

रोमाचे बूड काळे पडले यावरून तो वाण बाद करू नये. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्याने ही सड होते, आणि कॅल्शियम पाण्यासोबतच वर चढत असल्यामुळे कधी सुकी तर कधी चिंब अशी माती राहिली की, मिश्रणात चुना भरपूर असूनही फळ उपाशी राहते. लांबट आकाराच्या वाणांत हा दोष अधिक दिसतो, गोल वाणांत कमी, आणि चेरीत क्वचित; म्हणून एकाच डब्यात, एकाच हाताने पाणी घालूनही रोमा काळा पडतो आणि शेजारची चेरी ठणठणीत राहते. अंड्याची टरफले कुस्करून घालण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो, पण टरफले कुजायला इतका काळ लागतो की त्या हंगामातील फळांना त्यांचा उपयोग होत नाही. त्यापेक्षा मातीवर सुक्या पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे, पाणी ठरलेल्या वेळी द्यावे, आणि झाड फुलोऱ्यात असताना नत्राची खते आवरती घ्यावीत. आपल्याकडे जानेवारीत हवा कोरडी असते आणि गच्चीवर वारा बराच असतो. भरलेल्या झाडाचा वीस लिटरचा डबा संध्याकाळपर्यंत सुकून जातो, हे लक्षात ठेवावे.

पुसा रुबी तडकण्याचे कारणही पाण्यातच आहे. सुकलेल्या मातीला एकदम भरपूर पाणी मिळाले की आतला गर सालीपेक्षा वेगाने फुगतो. रंगाची पहिली छटा दिसताच फळ तोडून घरात पिकवले तर तडकणे टळते, आणि बुलबुल, खारी व उंदीर यांच्याशी चालणारी स्पर्धाही संपते. झाडावर पिकलेल्या आणि असे घरात पिकवलेल्या फळांच्या चवीत मला तरी फारसा फरक जाणवला नाही.

मुलुंडची_गच्ची

सर्वांचे मनापासून आभार. चेंबूरकर यांचे म्हणणे वाचून रोमाला आणखी एक संधी द्यावी असे वाटू लागले आहे. त्याचा डबा टाकीच्या बाजूला असल्यामुळे पाणी देताना तो शेवटी येत असे आणि त्याच्या वाट्याला कमी-अधिक पाणी जात असे, हे आता ध्यानात येते. अर्का रक्षकवरचा आक्षेप मला अर्धाच पटला, कारण माघात जेव्हा बाकीची झाडे विषाणूने आखडली होती तेव्हा घराला टोमॅटो त्यानेच पुरवले.

दोन शंका उरल्या आहेत. अनुकूल काळ जर तीनच महिन्यांचा असेल, तर मर्यादित वाढीचा आणि एकदम फळणारा वाण मुंबईसाठी अधिक योग्य, की सतत वाढत आणि फुलत राहणारा? दुसरे असे की, पुढील वर्षी ही तुलना जरा शास्त्रशुद्ध करायची असेल, तर आहे त्या गच्चीवर आणि आहे त्या डब्यांत ती कशी करावी?

कृषिवाचक

पहिल्या प्रश्नावर जाणकारांतही एकमत नाही, म्हणून माझे मत मत म्हणूनच घ्यावे. मर्यादित वाढीचा वाण आपली बहुतेक फुले तीन-चार आठवड्यांत काढतो. ते आठवडे डिसेंबर-जानेवारीत पडले तर तो भरघोस फळतो, आणि आपल्या रक्षकने तेच केले; पण पेरणी लवकर झाली आणि फुलोरा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या उष्ण रात्रींत सापडला, तर तो बहर हातचा जातो आणि झाडाकडे दुसरा देण्याची ताकद फारशी उरत नाही. अमर्याद वाढीच्या वाणाचा उष्णतेत आलेला बहर गळाला तरी पुढचा घोस तयार होत असतो. त्याचे नुकसान पसरते आणि लाभही पसरतो. म्हणून मर्यादित वाढीच्या वाणाचे बी सप्टेंबरच्या मध्यावर आणि पुन्हा ऑक्टोबरच्या मध्यावर अशा दोन हप्त्यांत टाकावे, आणि अमर्याद वाढीचे एकदाच, गणपतीच्या सुमारास, मात्र रोपे पावसाच्या सरींपासून आडोशाला ठेवून. कुलाबा, दादर, वांद्रे अशा समुद्रालगतच्या भागांत मी मर्यादित वाढीचे मोठ्या फळांचे वाण फारसे सुचवणार नाही. तिथे चेरी आणि अर्का विकास बरे. मुलुंडमध्ये आपल्याला दोन्ही चालतील.

तुलनेसाठी वाण कमी करावेत. पाच वाणांची दोन-दोन झाडे लावण्यापेक्षा तीन वाणांची तीन-तीन झाडे अधिक काही सांगून जातील, कारण एखादे झाड कशानेही मरते आणि मग त्या वाणाबद्दलचा सारा निर्णय उरलेल्या एकाच झाडावर येतो. प्रत्येक वाणाचे एक झाड दक्षिणेच्या कठड्याला, एक मध्यभागी आणि एक टाकीच्या बाजूला ठेवावे. टाकीजवळचा रोमा काळा पडला आणि कठड्याजवळचा नाही पडला, तर दोष जागेचा किंवा पाण्याचा. तिन्ही ठिकाणी पडला, तर वाणाचा. डबे जागच्या जागी राहू द्यावेत, मध्येच हलवू नयेत, कारण वाढलेल्या वेलाला हलवताना मुळे आणि आधाराच्या काठ्या दोन्ही दुखावतात. बगलफूट (पान आणि खोड यांच्या बेचक्यातून येणारी फूट) काढायची असेल तर फक्त अमर्याद वाढीच्या वाणांची काढावी. मर्यादित वाढीच्या वाणाची बगलफूट खुडली की त्याचे उत्पन्न तेवढे कमी होते, आणि ठपका वाणावर येतो.

नोंदीत एकूण वजनाबरोबर फळांची संख्याही लिहावी, कारण रक्षकचे एक फळ 90 ते 100 ग्रॅम भरते आणि चेरीचे दहा-पंधरा ग्रॅम. नुसत्या वजनावर चेरी नेहमीच हरेल. फळ केव्हा पिकले यापेक्षा कोणत्या आठवड्यात धरले ही नोंद अधिक मोलाची आहे, म्हणून फळ वाटाण्याएवढे झाले की घोसाच्या देठाला रंगीत दोरा बांधावा आणि प्रत्येक पंधरवड्याचा रंग वेगळा ठेवावा. गच्चीवर, उन्हापासून आडोशाला, किमान-कमाल तापमान दाखवणारा साधा तापमापक टांगून ठेवला तर आपल्या गच्चीची रात्र वेधशाळेच्या आकड्यापेक्षा किती वेगळी असते, तेही कळेल. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे डबे विटांवर किंवा लाकडी फळ्यांवर उचलून ठेवलेले चांगले. सोसायटीच्या गळतीविषयीच्या तक्रारींनाही त्याने थोडा आळा बसतो.

ब्रँडीवाइन लावायचाच असेल तर तो या तुलनेत धरू नये. त्याचे एकच झाड, बी ऑक्टोबरच्या सुरुवातीला टाकून, टाकीच्या त्याच सावलीच्या बाजूला ठेवावे, म्हणजे पहिले घोस डिसेंबरच्या अखेरीस उमलतील आणि मार्चमध्ये फळांवर दुपारी तीननंतर थेट ऊन येणार नाही. जी काही फळे मिळतील ती वजन न करता खावीत.